आज काय आलंय? सोलापूरकरांचा मालवण मुक्काम

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागांचा खडखडाट. टॉवेलांचे गठ्ठे टेम्पोत चढतायत.)

सोलापुरात वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो, दोरीवर टाकलेला ओला टॉवेल तासाभरात वाळून कडक होतो. टॉवेलही इथलाच. सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. गावोगावच्या लॉजमध्ये गादीवर घडी घालून ठेवलेला टॉवेल उलटून बघा, पुष्कळदा तो याच मागांवरून उतरलेला असतो.

हे टॉवेल विणणारी, शिवणारी, गठ्ठे बांधणारी माणसं स्वतः मुक्कामाला कुठं जातात? तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर. सगळं जवळ, सगळं देवाचं. पण घरात मुलं वाढायला लागली की एक विषय निघतोच: समुद्र बघायचा.

अशाच एका घराबरोबर आम्ही निघालोय. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. घरात महिनाभर एकच वाद चालू होता, राहायचं कुठं? भाच्यानं मोबाइलवर मोठ्या रिसॉर्टचे फोटो दाखवले. निळा तलाव, लांबच लांब बुफे. आजींनी फोटो बघितले आणि विचारलं, “समुद्र असतोय की तिथं. मग ही टाकी कशाला?”

आजींचं म्हणणं आम्हाला पटलेलं आहे. समुद्रकाठी जाऊन राहायचं तर लहान जागेत राहावं, आणि जेवायला बाहेर पडावं. ही फिल्म एवढ्यासाठीच केलीय.

(दृश्य: महामार्ग. मंगळवेढ्याची काळी रानं, पुढे सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागा.)

सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. इथपर्यंत रस्ता रत्नागिरी–नागपूर महामार्गाचा. कोल्हापुरातून गगनबावड्याला वळलं की हवा बदलते. ज्या घाटमाथ्यावर आपण उभे आहोत, तिथं सोलापूरच्या जवळपास दहापट पाऊस पडतो. घाट उतरला, वैभववाडी, कणकवली, कसाल मागे पडलं, की मालवण. पहाटे निघालेली गाडी दिवस कलताना पोचते. मुलं झोपलेली असतात, त्यांना उठवायला लागत नाही. खारा वास आपोआप उठवतो.

(दृश्य: चिवला किनारा. माडांच्या बागेतलं दुमजली घर.)

चिवला हा मालवण शहरालाच लागून असलेला किनारा. बाजारपेठ चालत जाण्यासारखी, जेटीही लांब नाही. माडांच्या सावलीत लहान लहान हॉटेलं आहेत. खाली मालकांचं बिऱ्हाड, वर पाच-सहा खोल्या. १९८१मध्ये रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा १९९७मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देण्याची रीत इथं रुजत गेली. राज्य सरकारची निवास-न्याहारी योजनाही याच रीतीला धरून आहे.

खोलीत काय आहे? दोन पलंग, एक पंखा, मच्छरदाणीची जाळी लावलेली खिडकी. खिडकीतून समुद्र अर्धाच दिसतो, बाकीचा माडांमागे. ऐकू मात्र अख्खा येतो. सकाळी चहा आणि घावणे. दुपारचं, रात्रीचं जेवण इथं मिळत नाही, हे मालकांनी फोनवरच सांगितलं होतं. सोलापूरच्या सूनबाईंना ते जरा खटकलं होतं.

मालकांकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली आहे, आणि भरतीचा सगळा हिशोब ते तिच्यावरून करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटेही त्याच सुमारास. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला हाच आकडा सहा होतो. हिशोब ठोकळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पाण्यात कधी जायचं आणि शिंपले वेचायला कधी जायचं हे ठरवायला तेवढा पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत वर चढतं. त्याला उधाण म्हणतात.

आपल्याकडे पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला डबा बांधून. विहिरीत पट्टीचा पोहणारा समुद्रात फसू शकतो, कारण इथं परतणारं पाणी माणसाला आत ओढतं. मालक रोज सकाळी पाण्याकडे बघून सांगतात, आज कुठवर जायचं. ते सांगतील तिथं थांबायचं, यात मानापमान नाही.

(दृश्य: सकाळ. वाळूवर दोन रांगा, दोन दोर. माणसं जाळं ओढतायत.)

ही रापण. होडीतून लांबलचक जाळं अर्धगोल टाकत नेतात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात, आणि मग दोन्हीकडून माणसं ओढायला लागतात. घाई करून चालत नाही, दोन्ही बाजू सारख्या याव्या लागतात. जे येईल त्याचे वाटे पडतात. ओढणाऱ्यांचा वाटा असतो तसा होडीचा आणि जाळ्याचाही असतो. आज थोरल्या मुलानंही दोर धरला. जाळं वाळूवर आलं तेव्हा आत बांगडे होते, थोडी तारली, म्हणजे लहान तेलकट मासळी होती, आणि दोन-चार खेकडे.

यातले काही बांगडे कुठं गेले, ते आम्ही बघितलं. एका बाईंनी टोपलीतला एकेक मासा हातात घेतला. कल्ला उघडून बघितला, लालभडक आहे का. डोळा बघितला, फुगीर आणि चकचकीत आहे का. अंगठ्यानं दाबलं, खड्डा राहतो की भरून येतो. मग घेतले, बर्फात ठेवले आणि चालू पडल्या. बर्फाला त्या चुकत नाहीत. बांगडा उन्हात तासन्‌तास राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही, आणि खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात.

(दृश्य: खानावळ. पडवीत सहा टेबलं. आत मोठं स्वयंपाकघर.)

त्याच बाईंची ही खानावळ, आमच्या खोलीपासून दोन मिनिटांवर. छापील मेन्यूकार्ड नाही. विचारायचं, “मावशी, आज काय आलंय?”

“सुरमय आज नाय. बांगडे आसत, सकाळचे, रापणीचे.”

आजी कुजबुजल्या, “बांगड्यात काटे असतेत की ओ.” मावशींनी ऐकलं. शेजारी बसल्या आणि दाखवलं: पाठीच्या बाजूनं बोट घालायचं, वरचा तुकडा सुटून येतो, मधला काटा अख्खा उचलायचा. सोलापूरला उजनीच्या चिलापीचे काटे वेचणाऱ्या हाताला हे अवघड नाही.

आता स्वयंपाकघरात जाऊ. ओलं खोबरं, धणे, हळद आणि बेडगी मिरची यांचं वाटण. इतकं बारीक की बोटाला कण लागू नये. ते पातेल्यात उकळायला ठेवलंय. आंबटपणाला आमसूल. आणि मग तिरफळ. हे रानातल्या काटेरी झाडाचं फळ, मिरीएवढं. आतली काळी बी काढून टाकायची आणि टरफल नुसतं ठेचून घालायचं, वाटणात वाटायचं नाही. वाटलं तर सगळं कालवण उग्र होतं, ठेचलं तर वास सुटतो आणि जिभेला बारीक मुंग्या येतात. बांगडा आणि तारली यांसारख्या तेलकट माशांनाच ते शोभतं. म्हणून सुरमईच्या कालवणात मावशी तिरफळ घालत नाहीत. मासा सगळ्यांत शेवटी जातो. तो गेल्यावर डाव लावायचा नाही, पातेलंच दोन्ही हातांनी धरून हलवायचं. दोन उकळ्या, आणि खाली.

ताटात कालवण, भात, तांदळाची भाकरी, रव्यात घोळवून तव्यावर तळलेला बांगडा, वाटीत सोलकढी. पहिला घास घेतल्यावर सोलापूरचं घर गप्प झालं. काळा तिखट, शेंगदाण्याचं कूट, वर तरंगणारी तर्री, या सगळ्याची जिभेला सवय. इथं तिखट मागे राहतं, आंबट पुढे येतं, आणि मासा स्वतःच्या चवीनं बोलतो. आजींनी पिशवीतून शेंगाचटणीचा डबा काढला होता. तो उघडला, थोडी चटणी भाकरीबरोबर खाल्ली, थोडी मावशींच्या हातावर ठेवली. मावशींना आवडली, अजून मागितली.

दर्याकाठचं उंची जेवण म्हणजे हेच, असं आम्ही ठामपणे म्हणतो. ज्या हॉटेलात कार्डावर चाळीस पदार्थ असतात, त्याला ते चाळीसही रोज द्यावे लागतात, आणि त्यासाठी फ्रीझर भरलेला ठेवावा लागतो. मावशींना फक्त आजचं द्यायचं असतं. सोलापूरकरांना हे कुणी शिकवायला नको. हुरडा आपण शेतात जाऊनच खातो. गूळभेंडी ज्वारीचं कोवळं कणीस आगटीत भाजलं, हातावर चोळलं आणि तिथंच तोंडात टाकलं, तरच त्याची गोडी. गावात आणलेला हुरडा गार होतो, दोन दिवसांनी तो हुरडाच राहत नाही. बांगड्याचंही तसंच आहे.

पाहुण्यांनी एक गोष्ट मात्र सोडावी, आणि ही आमची कळकळीची विनंती आहे. खानावळीत शिरल्या शिरल्या पापलेट मागू नये. रुपेरी पापलेट २०२३मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्यानं ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, कारण अंडी घालायच्या आधीच लहान मासा जाळ्यात जातोय. तळहातापेक्षा लहान पापलेट ताटात आलं, तर त्या माशाची एक पिढी बुडालेली असते. मागणी कमी झाली तर ते जाळ्यातून बाजारात येणंही कमी होईल. बांगडा मागा, तारली मागा, खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मागा.

(दृश्य: जेटी. होडी सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेली.)

किल्ला बघितल्याशिवाय कुणी परतत नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं. मुलांना तटबंदी आवडली, सोलापूरच्या माणसाचे पाय मात्र विहिरींपाशी अडले. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये तीन गोड्या विहिरी. टँकरच्या वेळा पाठ असणारं माणूस अशा विहिरीच्या काठावर बराच वेळ उभं राहतं.

(दृश्य: खोलीची पायरी. दोरीवर न वाळलेले कपडे.)

आता जाण्याच्या वेळेबद्दल. १ जून ते ३१ जुलै, हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हंगाम, आणि समुद्रही खवळलेला. किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात. त्या दिवसांत खानावळीत सुरमई मिळालीच, तर ती बर्फातली समजावी. मावशी तेव्हा सुका बांगडा भाजतात, सोड्यांचं, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचं, कालवण करतात, टाकळ्याची भाजी करतात. पाऊस बघायला जाणाऱ्यानं ते आनंदानं खावं.

ताज्या माशासाठी जायचं असेल तर थांबा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो आणि होड्या जोमानं बाहेर पडतात, पण तो श्रावण, आपल्याकडच्या कित्येक घरांत तेव्हा मांसमच्छी नसते. मग गणपती, मग नवरात्र. दसरा झाला की निघा. फोन करताना खोलीत एसी आहे का, हे नंतर विचारा. आधी विचारा की रात्री जेवायला चालत कुठं जाता येईल, आणि तिथं मासा कुठून येतो. दिवाळीच्या सुट्टीत चिवल्यावर खोल्या लवकर भरतात, तेव्हा हा फोन नवरात्रातच करून ठेवा.