प्रीॲम्प बसवायचा कुठे?

मंडळी, घरी प्रीॲम्प, म्हणजे अँटेनाचा मंद सिग्नल रिसीव्हरच्या आधीच मोठा करणारा छोटा ॲम्प्लिफायर, बनवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ट्रान्झिस्टर कुठला घेऊ? तो मी सांगणारच आहे. पण बनवलेला प्रीॲम्प बसवायचा कुठे, हे आधी ठरवू, कारण चांगला ट्रान्झिस्टर चुकीच्या जागी बसला तर त्याचा अर्धाअधिक फायदा वाया जातो.

उदाहरण घेऊ आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं. ते १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर एफएममध्ये ऐकू येतं. डोक्यावरून जाताना ते आपल्यापासून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास असतं, तेव्हा हातातल्या साध्या सेटवरही आवाज मिळतो. पण क्षितिजावर उगवताना तेच अंतर सुमारे २,३०० किलोमीटर असतं, आणि सिग्नल जवळजवळ १५ डेसिबलने खाली गेलेला असतो. प्रीॲम्पचा कस लागतो तो तिथे.

आता गच्चीवर अँटेना आहे, तिथून २० मीटर आरजी-५८ केबल खाली खोलीत आली आहे, आणि रिसीव्हरचा नॉइज फिगर ६ डेसिबल आहे असं धरू. नॉइज फिगर म्हणजे रिसीव्हर स्वतःची किती खरखर सिग्नलमध्ये घालतो त्याचं माप. जितकं कमी तितकं चांगलं. या वारंवारतेला ही केबल मीटरमागे साधारण ०.२ डेसिबल खाते, म्हणजे एकूण ४. केबल आणि रिसीव्हर मिळून झाले १०. आपल्याकडे ०.५ डेसिबल नॉइज फिगर आणि २० डेसिबल गेन (सिग्नल किती मोठा होतो त्याचं माप) असलेला प्रीॲम्प आहे. तो खोलीत, रिसीव्हरच्या शेजारी लावला तर १० चे साधारण ४.६ होतात. तोच प्रीॲम्प गच्चीवर अँटेनाच्या अगदी पायाशी लावला तर एकूण आकडा ०.९ च्याही खाली येतो. प्रीॲम्प तोच, खर्चही तेवढाच.

हा हिशेब बेल लॅब्समधल्या हॅराल्ड फ्रीस यांनी १९४४ मध्ये सूत्रात मांडला. नंतरच्या प्रत्येक टप्प्याची खरखर त्याच्या आधीच्या टप्प्यांच्या गेनने भागली जाते, म्हणून पहिला टप्पाच जवळजवळ सगळं ठरवतो. केबलमध्ये सिग्नल एकदा खरखरीच्या पातळीकडे घसरला की नंतर कितीही वाढवा, दोन्ही बरोबरीने वाढतात. दुधात पाणी पडल्यावर दूध आटवता येतं. आटवून इथे काही मिळत नाही, एवढाच फरक.

आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण. तिथेही पहिले ॲम्प्लिफायर खालच्या इमारतीत नाहीत. ते वर, डिशच्या नाभीपाशी फीडला (डिशने गोळा केलेला सिग्नल झेलणाऱ्या छोट्या अँटेनाला) लागून बसवलेले आहेत. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांच्या पथकापुढचं भौतिकशास्त्र आणि आपल्या गच्चीवरचं भौतिकशास्त्र एकच आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

पण प्रीॲम्प सगळीकडे लागत नाही. ७ किंवा १४ मेगाहर्ट्‌झवर ऐकत असाल तर एक साधी परीक्षा करा: अँटेना काढून तिच्या जागी ५० ओहमचा लोड (साधा रोध) लावा. खरखर स्पष्टपणे कमी झाली तर बाहेरून येणारी खरखरच रिसीव्हरच्या खरखरीपेक्षा मोठी आहे. तिथे प्रीॲम्प लावून काही हाती लागत नाही. १४५ वरसुद्धा आकाश शांत नसतं, आकाशगंगाच गोंगाट करत असते. अमेरिकेत इलिनॉयमधल्या व्हीटन गावात ग्रोट रेबर या हॅमने (हौशी रेडिओवाल्याने) १९३७ मध्ये घराच्या आवारात सुमारे साडेनऊ मीटरची डिश उभारली. ३,३०० मेगाहर्ट्‌झवर काही मिळालं नाही, ९०० च्या आसपासही नाही. शेवटी १६० वर आकाशगंगा सापडली. आपला दोन मीटरचा बँड, म्हणजे हॅम लोकांचा १४५ च्या आसपासचा पट्टा, त्याच्या शेजारीच आहे. म्हणून १४५ वर नॉइज फिगर ०.६ वरून ०.३ वर आणायला जिवाचं रान करू नका. ४३५ वर आकाश बरंच शांत होतं, तिथे ती मेहनत कामी येते.

आता ट्रान्झिस्टर. सुरुवातीला मी बीएफ ९९८ सुचवतो. हा दोन गेटचा मॉसफेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार; गेट, ड्रेन आणि सोर्स ही त्याच्या पायांची नावं) आहे, २०० मेगाहर्ट्‌झला त्याचा नॉइज फिगर सुमारे ०.६ डेसिबल. ड्रेनला ८ व्होल्ट, दुसऱ्या गेटला ४, करंट १० मिलिॲम्पियरच्या आसपास. चार पायांपैकी रुंद पाय सोर्सचा. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेताना नावाच्या शेवटी ‘आर’ आहे का ते विचारा, कारण त्या जातीत पायांची मांडणी आरशातल्यासारखी उलटी असते.

सर्वांत जास्त जीव लावायचा तो इनपुटच्या कॉइलवर. कॉइलमध्ये ०.३ डेसिबल गेले तर नॉइज फिगर तेवढाच चढतो, वजाबाकी कुठेच होत नाही. म्हणून तार जाड हवी, १ मिलिमीटरची. ६ मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर सहा वेढे, एकूण लांबी १ सेंटिमीटर. हे साधारण ०.१३ मायक्रोहेन्री होतात आणि ९ पिकोफॅरडबरोबर १४५ वर जुळतात. त्यातले दोनेक पिकोफॅरड गेटचे, थोडे बोर्डाचे, बाकीचे चांगल्या ट्रिमरचे (फिरवून बदलता येणाऱ्या छोट्या कपॅसिटरचे). अँटेना कॉइलच्या ग्राउंडला जोडलेल्या टोकापासून एक-दीड वेढ्यावर जोडा. सोर्सचा बायपास कपॅसिटर (सोर्सवरचा सिग्नल थेट ग्राउंडला नेणारा) चिप प्रकारचा, थेट बोर्डाच्या तांब्यावर डाग दिलेला हवा. पाय लांब राहिले तर ॲम्प्लिफायरचा ऑसिलेटर होतो, म्हणजे तो स्वतःच सिग्नल निर्माण करू लागतो. इनपुट आणि आउटपुटच्या कॉइलमध्ये पत्र्याचा उभा पडदा घाला.

ट्यूनिंग करताना एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारी रिसीव्हरवरची सुई) पाहू नका. मॉसफेटला सर्वाधिक गेन ज्या जुळणीवर मिळतो आणि सर्वांत कमी खरखर ज्या जुळणीवर मिळते, त्या दोन जुळण्या वेगळ्या असतात. दूरचा, खरखरीत जेमतेम तरणारा बीकन (सतत सिग्नल पाठवणारं चाचणी केंद्र) किंवा सिग्नल जनरेटरचा अगदी मंद सिग्नल घ्या आणि ट्रिमर कानाने फिरवा. आवाज मोठा होण्यापेक्षा स्वच्छ होतोय का ते ऐका. बहुतेक वेळा चांगली जागा सुई सर्वांत वर जाते तिथे न सापडता किंचित बाजूला सापडते.

शहरात आणखी एक अडचण असते. ८८ ते १०८ मधली एफएम केंद्रं इतकी ताकदवान असतात की प्रीॲम्प त्यांनीच भरून जातो आणि मंद सिग्नल दबतो. इनपुटला फिल्टर लावला की त्यात होणारी सिग्नलची घट नॉइज फिगरमध्ये तेवढीच भर घालते, म्हणून फक्त एफएमला अडवणारा, कमी घटीचा सापळा लावा आणि बाकीची गाळणी प्रीॲम्पच्या नंतर ठेवा. २० डेसिबलपेक्षा जास्त गेनचा हव्यासही नको.

वर बसवायचा तर वीज केबलमधूनच पाठवा, दोन्ही टोकांना बायस-टी (एकाच केबलमधली वीज आणि सिग्नल वेगळे करणारी जोडणी) लावून. तुम्ही प्रक्षेपणही करत असाल तर बायपास रिले (प्रक्षेपणावेळी प्रीॲम्पला वगळून सिग्नल थेट अँटेनाकडे नेणारे स्विच) हवेतच, आणि वीज गेली की ते आपोआप बायपासवर पडतील अशी जोडणी करा. पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबल्यावर रिले पूर्ण वळल्यानंतरच ट्रान्समीटर सुरू व्हायला हवा. रिलेला क्षणभराचा उशीर झाला तरी गेट जळतं. पावसाळ्यासाठी कनेक्टरांवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, केबल डब्यात शिरण्याआधी तिला खालच्या बाजूला एक वळसा द्या, आणि डब्याच्या तळाला एक बारीक छिद्र ठेवा.