फुकट राहू द्या, येते कधी ते सांगा

(दृश्य: अजिंठा चौफुली, सकाळ, धुकं, ट्रकचे दिवे)

जळगाव. अजिंठा चौफुली. जानेवारीची सकाळ आहे, धुकं अजून उठलेलं नाही आणि त्यातून केळीच्या गाड्या एकामागे एक येऊन राहिल्या. हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३, जुन्या माणसांसाठी अजून सहा नंबरच. तिकडे गुजरातेत हजिऱ्याला सुरू होतो, इकडे ओडिशात पारादीपला संपतो, आणि मधे कुठेतरी आमच्या शहराच्या पोटातून जातो. म्हणजे ओडिशाला जाणारा ट्रक आणि शाळेत जाणारी सातवीची पोरगी, दोघं एकाच सिग्नलला उभे. बायपास झाला पाहिजे, समांतर रस्ते झाले पाहिजे म्हणून इथल्या लोकांनी किती आंदोलनं केली ते कोणत्याही जळगावकराला विचारा, तो चहा सांगून मगच सुरुवात करील.

(दृश्य: प्रचाराच्या रिक्षा, झेंडे, भोंगे)

हे शूट केलं तेव्हा महापालिकेच्या निवडणुकीचा प्रचार चालू होता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान. त्याआधी दोन वर्षांहून जास्त काळ इथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, त्यामुळे सगळी हौस एकदमच बाहेर पडलेली. या फ्रेममध्ये बघा, तीन वेगवेगळ्या उमेदवारांच्या प्रचाराच्या रिक्षा एकाच जाममध्ये अडकल्या आणि तिघांचेही भोंगे सांगताहेत की वाहतुकीची समस्या सोडवणार. आम्ही हे काही ठरवून शूट केलं नाही हो, कॅमेरा लावला होता आणि मिळालं.

(दृश्य: रिक्षात बसून मोबाईल बघणारे रिक्षावाले दादा, मोबाईलचा क्लोजअप)

आता या दादांच्या मोबाईलवर काय चालू आहे ते बघा. आपला प्रभाग नाही, आपला वॉर्ड नाही. न्यूयॉर्क.

न्यूयॉर्कचे नवे महापौर झोहरान ममदानी. वय ३४, जन्म युगांडातल्या कंपालाचा, आई सिनेमावाल्या मीरा नायर. यांना इथे कोण ओळखतं असं वाटेल, पण आम्ही नवीन बसस्टँड, गोलाणी मार्केट, टॉवर चौक असं फिरलो आणि चेहरा दाखवला तर बरेच जण म्हणाले हा तो लस्सीवाला ना. कारण त्यांनी प्रचारात एक व्हिडिओ केला होता हिंदीत, लस्सीचे ग्लास समोर ठेवून मतदानाची पद्धत समजावली होती, मधे मधे हिंदी सिनेमाचे तुकडे. तो व्हिडिओ फिरत फिरत इथल्या फॅमिली ग्रुपवर आला, मागून बसचा आला. बसचा व्हिडिओ आला म्हटल्यावर जळगावकर बघणारच, कारण सिटी बस हा आमचा जुना दुखरा दात आहे.

(दृश्य: न्यूयॉर्कच्या जुन्या स्टेशनचे फोटो, कमानी, टाइल्स)

हे फोटो जरा निवांत बघू, कारण सुंदर आहेत. हे न्यूयॉर्कच्या सिटी हॉलखालचं जुनं सबवे स्टेशन. १९०४ मध्ये तिथे जमिनीखालची रेल्वे सुरू झाली तेव्हाचं हे स्टेशन, कमानीवर कमानी, वर रंगीत टाइल्स, काचेतून येणारा उजेड. पण प्लॅटफॉर्म वळणावर आणि आखूड, पुढे लांब गाड्या आल्या, त्या काही तिथे नीट मावेना, आणि १९४५ मध्ये स्टेशन बंद झालं. शपथ घ्यायला ममदानींनी हीच जागा निवडली. १ जानेवारी २०२६, मध्यरात्र उलटल्यावर लगेच. वर सिटी हॉलचा मोठा कार्यक्रम दुपारी होताच, पण पहिली शपथ रेल्वेच्या स्टेशनात. हे सांगितल्यावर नवीन बसस्टँडवर बसलेले एक रिटायर्ड काका जे बोलले ते आम्ही तसंच ठेवलंय.

(बाईट: काका)

तर ममदानींनी प्रचारात सांगितलं काय होतं. बस जलद करीन आणि फुकट करीन. दोनच शब्द, आणि निवडणूक गाजली.

फुकट हा शब्द आपल्याकडे नवा नाही. दिल्लीत बायकांना बस २०१९ पासून फुकट, कर्नाटकात २०२३ पासून. आपल्या एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट नाही आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. त्यामुळे तिकडचा माणूस फुकट म्हणतो म्हटल्यावर स्टँडवरच्या बायकांना काही भारी आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते तिकिटाचं. न्यूयॉर्कच्या बसचं तिकीट आता ३ डॉलर आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीचशेच्या वर, आणि ते ऐकल्यावर या मावशींचा चेहरा बघा.

(दृश्य: मावशी, हसू, पदर तोंडाला)

याआधी तिकडे फुकट बसची ट्रायल झाली होती. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४, शहराचे जे पाच मोठे भाग आहेत त्या प्रत्येकात एक रूट फुकट. ममदानी तेव्हा राज्याच्या विधानसभेत होते आणि ही ट्रायल लावून धरणाऱ्यांत ते होते. प्रवासी वाढले, आठवड्याच्या दिवसांत साधारण ३० टक्के, शनिवार-रविवारी त्याहून जास्त. ड्रायव्हरवर होणारे हल्लेही त्या रूटवर कमी झाले, कारण भांडण बहुतेक तिकिटावरूनच व्हायचं. पण नवीन माणसं फार आली नाहीत, जी आधीच बसने जायची तीच जास्त वेळा जायला लागली, आणि बसचा वेग काही वाढला नाही. वर्ष संपलं, ट्रायल संपली.

आता जो भाग आहे तो नीट ऐका, कारण रील्समध्ये हा येत नाही.

(दृश्य: नकाशा, न्यूयॉर्क शहर आणि राज्य)

न्यूयॉर्कच्या महापौराच्या हातात न्यूयॉर्कची बस नाहीये. बस आणि सबवे चालवते एमटीए, आणि एमटीए राज्याची. तिचा प्रमुख राज्यपाल नेमतात, तिकडे राज्यपाल म्हणजे निवडून आलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा अधिकार असलेला माणूस, आणि आता त्या जागेवर कॅथी होकल आहेत. महापौराला त्या बोर्डावर फक्त चार नावं सुचवता येतात. म्हणजे बस फुकट करायची तर पैसा राज्याकडून यायला पाहिजे आणि तो आकडा वर्षाला ६५ कोटी डॉलर किंवा त्याहूनही मोठा. होकलबाईंनी पाठिंबा ममदानींनाच दिला होता, पण फुकट बसचं नाव निघालं की त्या हात आखडता घेतात. तिकडच्या लोकांतही दोन तट आहेत, काही म्हणतात तसंही बसमध्ये चाळीस टक्क्यांवर लोक तिकीट काढत नाहीत मग जे काढतात त्यांनीच का भरायचे, आणि काही म्हणतात तेवढेच पैसे आहेत तर आधी बस वाढवा, दर पाच मिनिटाला येऊ द्या, फुकटचं नंतर बघू.

मग महापौराच्या हातात काय आहे? रस्ता. रस्त्याचं खातं शहराचं आहे. बसची वेगळी लेन आखायची, तिच्यात गाड्या उभ्या राहू द्यायच्या नाहीत, थांबा नीट करायचा, हे सगळं महापौर करू शकतो. म्हणजे दोन शब्दांपैकी जलद हा शब्द त्यांचा स्वतःचा आणि फुकट हा दुसऱ्याच्या खिशातला.

(दृश्य: मोबाईलवर रील, पुलाच्या तोंडाशी डांबर टाकणारे महापौर)

आणि त्यांनी सुरुवात केली तीही रस्त्यापासूनच. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विल्यम्सबर्ग पुलाच्या पायथ्याशी सायकलवाल्यांना जो एक उंचवटा वर्षानुवर्षं दणके देत होता, तो स्वतः फावडं घेऊन कामगारांसोबत डांबर टाकून सपाट करून टाकला. हे रील आम्ही एका पानटपरीवर दाखवलं. एक उंचवटा. फक्त एक. टपरीवरचा हा हशा आम्ही कापला नाही, पूर्ण ठेवला, थोडा लांब आहे पण ऐका.

(बाईट: टपरी, हशा)

(ड्रोन: महापालिकेची सतरा मजली इमारत)

आता आपल्याकडे या. ही जळगाव महापालिकेची सतरा मजली बिल्डिंग. ही बांधली तेव्हा इथे महापालिका नव्हतीच, नगरपालिका होती, महापालिका झाली २००३ मध्ये. बाहेरगावच्या पाहुण्याला आम्ही अजून ही बिल्डिंग दाखवायला नेतो. नगरपालिकेने सतरा मजले चढवले ते गाव आहे हे, हिंमत नाही असं कोणी म्हणू नये.

आणि इथेच गंमत आहे. न्यूयॉर्कच्या महापौराकडे ताकद आहे, बस नाही. आपल्याकडे उलटं. महाराष्ट्राच्या १९४९ च्या महानगरपालिका कायद्यात स्पष्ट सोय आहे की महापालिका स्वतःची बस चालवू शकते, त्यासाठी परिवहन समिती नेमू शकते, परिवहन व्यवस्थापक ठेवू शकते. ठाणे, सोलापूर, नवी मुंबई यांनी केलं. शेजारच्या नाशिकला सिटीलिंक २०२१ पासून धावून राहिली, तीही महापालिकेचीच. म्हणजे बस आपल्या कायद्यात बसते, पण महापौर फाईलवर सही करून ती रस्त्यावर आणू शकत नाही, कारण कारभाराचा हात आयुक्तांचा असतो, महापौर महासभा चालवतात आणि तेही अडीच वर्षं. वर सिग्नलला पोलीस, रिक्षाच्या भाड्याला आरटीओ, हायवेला केंद्र, एसटीला राज्य. चौकात उभं राहून तक्रार करायची तर नेमकं तोंड कोणाकडे करायचं, सांगा.

बरं, जळगावात सिटी बस कधीच नव्हती असंही नाही. होती. धावली आणि बंद पडली. चाळिशीतल्या लोकांना विचारलं तर रूट सांगतात, स्टेशनहून कुठे जायची, कॉलेजला कोणती. मधे केंद्राची पीएम ई-बस सेवा आली, ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, देशभरात १०,००० इलेक्ट्रिक बस, आणि त्यात जळगावचं नाव आहे. ते नाव ऐकून ऐकून लोकांचं पाठ झालंय.

(दृश्य: नवीन बसस्टँड, गावाहून आलेली एसटी रिकामी होतेय)

नवीन बसस्टँड, सकाळी नऊ. यावल, चोपडा, जामनेर, पाचोरा, सगळीकडच्या गाड्या येताहेत. उतरणाऱ्यांत बायका किती आहेत ते बघा, अर्ध्या तिकिटाने हे चित्र बदललंय, कंडक्टर पण तेच सांगतात. पण अर्धं तिकीट स्टँडच्या गेटपर्यंतच. गेटबाहेर सिव्हिल हॉस्पिटलला जायचं, मुलीच्या कॉलेजला जायचं, सराफ बाजारात जायचं, की रिक्षा. या आक्का अहिराणीत बोलताहेत, खाली सबटायटल दिलंय, त्यांचं म्हणणं साधं आहे, गावाहून इथपर्यंत यायला जेवढे लागले त्याहून जास्त आता पुढे लागणार. त्यांना न्यूयॉर्कबद्दल विचारलं. त्यांनी उलट आम्हाला विचारलं की ती फुकट बस येते किती वाजता.

तेवढ्यासाठी हा व्हिडिओ केला खरं तर. आम्ही सगळ्यांना विचारत होतो फुकट बस पाहिजे का, आणि लोक सांगत होते फुकट राहू द्या, येते कधी ते सांगा. दहा रुपये घ्या, पंधरा घ्या, पण पावणेआठला म्हटली तर पावणेआठला या.

(दृश्य: विद्यापीठाकडे जाणारा हायवे, गिरणेचा पूल, दुचाकीवर तिघं)

विद्यापीठाकडे जाणारा रस्ता. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ शहरापासून आठेक किलोमीटरवर, बांभोरीचं इंजिनिअरिंग कॉलेजही इकडेच, गिरणा ओलांडून. पोरं कशी जातात ते दिसतंय. गाडी असेल तर एका गाडीवर तिघं, नसेल तर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी अर्धं बाहेर लटकून, बाजूने ट्रक. या मुलीला आम्ही ममदानींचा व्हिडिओ दाखवला, तिने तो आधीच बघितलेला होता, तिला त्या उंचवट्याचं कौतुक नव्हतं, तिने सहानंतरचं विचारलं. लायब्ररी चालू असते पण संध्याकाळी परत यायचं कसं.

(बाईट: विद्यार्थिनी)

रिक्षावाल्यांचं काय? बस आली तर त्यांच्या धंद्यावर येणार, त्यांनी ते बोलून दाखवलं, काही तर चिडले, आणि ते खोटं नाही. बसचा रूट आखताना त्यांना सोबत घ्यावं लागेल.

(दृश्य: सतरा मजली, जिना, नोटीस बोर्ड)

आता निवडणूक झाली. जळगावात ७५ नगरसेवक निवडून आले, जवळपास प्रत्येक प्रभागात चार, म्हणजे तुमच्याही घराजवळ कोणीतरी आहेच. महापालिकेचं अंदाजपत्रक महासभेपुढे येतं तेव्हा त्यात शहर बससाठी काय धरलंय, थांब्यांसाठी काय धरलंय, शेड आहे की नुसता खांब, हे त्यांना विचारायचं. फोन करून विचारा, भेटून विचारा, लग्नात भेटले तर तिथे विचारा, तिथे ते पळू शकत नाहीत. आणि जे उत्तर मिळेल ते आम्हाला कमेंटमध्ये टाका, प्रभाग नंबर लिहून, म्हणजे सगळ्यांची उत्तरं एकत्र करून पुढचा व्हिडिओ करता येईल.

त्याच्या आधी धुळ्याचा भाग येतोय, आग्रा रोडवरचं शूट झालंय, एडिटिंग चालू आहे.