भिंत मागायला कोण येतं?

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका साइनबोर्ड पेंटरनं केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादित केलं आहे.)

अध्यक्ष, सरपंचबाई, वाचनालयाची मंडळी, आणि दिवसभर कापूस वेचून पाठ धरलेली असतानाही इथं येऊन बसलेल्या मायबहिणींनो,

आधी एक सांगून टाकतो. दहाला थ्री-फेज लाइन येते. ज्यांना चण्याला ओलित करायचं असेल त्यांनी खुशाल उठावं, मी वाईट वाटून घेणार नाही. माझा मुलगा मागच्या रांगेत बसला आहे, तोही उठणार आहे.

विषय दिला आहे, ‘टिकायचं तर पक्षाला बदलावं लागतं का?’ वाचनालयाची पोरं घरी आली तेव्हा मी म्हटलं, बापा, हा प्राध्यापकाचा विषय, मी पेंटर. ती म्हणाली, काका, तुम्ही सगळ्या पक्षांच्या भिंती रंगवल्या, तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलं आहे? आता जवळून म्हणजे वीतभर अंतरावरून, हे खरं आहे. म्हणून उभा राहिलो.

मी उस्तादांच्या हाताखाली लागलो तेव्हा भिंतीवर गाय-वासरू होतं. त्याच्या आधी बैलजोडी होती, ती मी लहानपणी नुसती पाहिली. १९६९ ला काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठवली गेली आणि १९७१ ला इंदिराबाईंच्या काँग्रेसला गाय-वासरू मिळालं. पेंटरला हे चिन्ह फार अवघड. गाईची मान वळवून वासराकडे न्यायची, वासराची शेपटी उचललेली दाखवायची, आणि हे सगळं खरबरीत मातीच्या भिंतीवर. चुना आदल्या रात्री भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, त्यात डिंक घालायचा. डिंक कमी पडला की अंग घासलं तरी गाय शर्टावर येते. एक गाय-वासरू म्हणजे माझा अर्धा दिवस.

मग १९७८ उजाडलं. जानेवारीत पक्ष पुन्हा फुटला, फेब्रुवारीत विधानसभेचं मतदान. गाय-वासरू दुसऱ्या काँग्रेसकडे राहिलं, इंदिरा काँग्रेसला पंजा मिळाला. हातात दिवस किती, तर बोटावर मोजण्याइतके. उस्तादांनी पुठ्ठ्यावर माझाच हात ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली, मोठा करून साचा कापला. त्या निवडणुकीत आमच्या बाजूच्या कितीतरी गावांत जो पंजा होता तो या हाताचा होता. आता पहा, बोटं वाकडी झाली.

एका गावात एका म्हातारीची भिंत होती, रस्त्याच्या तोंडावर, एकदम मोक्याची. मी चुन्याची बादली घेऊन गाय पुसायला लागलो तर म्हातारी बाहेर आली. म्हणाली, “काहून पुसतं रे गाय? वासरू पिऊन रायलं ना तिचं. तुले पंजा काढाचा असन त बाजूले काढ.” मी काय बोलणार? बाजूला पंजा काढला. एकाच भिंतीवर दोन काँग्रेस, एकमेकींच्या विरोधात. संध्याकाळी गावातला कार्यकर्ता आला, त्यानं कपाळाला हात लावला. पण तो ओट्यावर बसला. म्हातारीनं गुळाचा चहा ठेवला. त्यानं तिला समजावलं, माय, बाई तीच आहे, निशाणी फक्त बदलली. आणि म्हातारीनं काय विचारलं? “ते समजलं. माया रेशनच्या कारडाचं काय झालं?” तो म्हणाला, सोमवारी तहसीलला चल माझ्यासोबत.

त्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसच्या महाराष्ट्रात ६२ जागा आल्या, त्यातल्या बहुतेक आपल्या विदर्भातल्या. साऱ्या देशात बाईंचा पराभव होऊन वर्षही झालं नव्हतं. पुस्तकात याची कारणं वेगवेगळी लिहिलेली सापडतील, बाईंची लाट म्हणतील, जातीची गणितं म्हणतील, ती असतील. मी पाहिलं ते एवढं, की नवं चिन्ह सांगायला आलेला माणूस जुना होता. ‘गाय गेली, पंजा आला’ हे ज्यानं सांगितलं त्याच्यासोबत लोक दहा वर्षं तहसीलला गेले होते. नऊ वर्षांत पक्षाची तीन चिन्हं झाली आणि पक्ष मेला नाही.

आता उलट बाजू. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचं कणीस-विळा पहा. पहिल्या निवडणुकीपासून आजपर्यंत तेच. त्यांनी चिन्ह बदललं नाही, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यांची राष्ट्रीय पक्षाची मान्यता गेली. हसू नका. त्यांची माणसं पेंटर लावत नसत, स्वतः चुना घेऊन यायची, आणि रंगवून झालं की भिंतीखालची जमीन झाडून द्यायची. शेतकरी कामगार पक्षाकडेही पहा. तिकडे सांगोल्याला गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, पक्ष मात्र त्यांच्याभोवती सुकत गेला. म्हणजे बदललं की टिकतं आणि नाही बदललं की मरतं, असा सरळ हिशेब मला तरी लागला नाही.

मग बदल कोणता म्हणायचा? त्यासाठी नागपूरला जावं लागेल, फार लांब नाही.

डिसेंबर १९२०. नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तोपर्यंत काँग्रेस म्हणजे वकील, डॉक्टर, जमीनदार यांनी वर्षातून एकदा नाताळच्या सुट्टीत भरवायची सभा. चांगली भाषणं, चांगले ठराव, आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत सामसूम. नागपुरात गांधीजींनी पक्षाची घटनाच नवी करून घेतली. चार आणे वर्गणी, म्हणजे पंचवीस पैसे. ते भरले आणि पक्षाचं ध्येय मान्य केलं की कोणीही सदस्य. गाव, तालुका, जिल्हा अशा कमिट्या. प्रांत इंग्रजांच्या नकाशाप्रमाणे नाही, भाषेप्रमाणे. म्हणजे इथल्या माणसाला काँग्रेसचं काम करायला इंग्रजी यायची गरज उरली नाही. याला मी बदल म्हणतो. यात कोण बसतं ते बदललं, कोणत्या भाषेत बोलतात ते बदललं.

आणि याची किंमत पडली, हेही सांगितलं पाहिजे. जीना नागपुरातूनच बाहेर पडले. आपले अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, टिळकांचे जिवाभावाचे सहकारी, त्यांना असहकार पटला नाही, त्यांची वाट वेगळी झाली. साधी माणसं नव्हती ही. पक्ष बदलतो तेव्हा कोणाचा तरी जुना ओटा मोडतोच. चार आण्यांतही पुढे खोट सापडली, बोगस सदस्य नोंदवले गेले, त्यावर कडाडले तेही गांधीजीच. तरी कमिटीचा माणूस चार आणे मागायला दारात येत होता. दारात आला की चार शब्द ऐकूनच जावं लागत होतं.

गांधीजी स्वतः १९३४ ला त्या चार आण्यांच्या सदस्यत्वातूनही बाहेर पडले. मग इकडे आले, सेवाग्रामला राहिले. सदस्य नसलेल्या माणसाला विचारायला अख्खी कार्यकारिणी वर्ध्याला यायची. जुलै १९४२ मध्ये इंग्रजांनी निघून जावं असा ठराव तिनं इथं वर्ध्यातच केला. आणि १९४८ च्या जानेवारीत, खून होण्याच्या आदल्या दिवशी, त्याच माणसानं लिहून ठेवलं की काँग्रेसचं काम झालं, तिनं विसर्जित व्हावं, लोकसेवक संघ व्हावा. हा ठराव मात्र कोणी केला नाही. आपली तेरवी आपणच घालायला कोणता पक्ष तयार होईल?

नागपुरातच दुसरंही घडलं. जानेवारी १९५९ च्या अधिवेशनात ठराव झाला की शेती सहकारी करायची, वावरं एकत्र कसायची. ठराव करणारे मोठे लोक, हेतू चांगला. पण वावर कोणाचं, हे वावरवाल्याला विचारलं का? धुरा, म्हणजे वावराचा बांध, चार बोटं सरकला तर सख्खे भाऊ कोर्टात जातात आणि हे धुरेच काढायला निघाले. ठराव कागदावर राहिला. त्याच्या विरोधात राजाजी, मिनू मसानी, रंगा यांनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ ला लोकसभेत ४४ जागा, सर्वांत मोठा विरोधी पक्ष, आणि १९७४ ला दुसऱ्या पक्षात विलीन. दुसऱ्याच्या चुकीवर जन्मलेल्याचं आयुष्य तेवढंच.

बाबासाहेबांबद्दल मी जपून बोलतो. त्यांनी १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४२ ला नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, आणि त्याहून मोठा, सगळ्यांना घेणारा रिपब्लिकन पक्ष त्यांच्या मनात होता. तो १९५७ ला नागपुरात झाला, ते गेल्यावर. मधे १९५४ ला आपल्या भंडाऱ्यात ते पोटनिवडणुकीला उभे होते आणि पडले. ज्या माणसानं घटना लिहिली त्याला आपण पाडलं, हे विदर्भाच्या खात्यावर लिहिलेलं आहे. पुढे रिपब्लिकन पक्षाची किती शकलं झाली ते तुम्हीच मोजा, त्याचं हत्ती हे चिन्हही पुढे दुसऱ्याच पक्षाकडे गेलं.

भाजपबद्दल बोललो नाही तर पोरं म्हणतील काका घाबरले. भाजपच्या आधीचा पक्ष जनसंघ, त्याचं चिन्ह पणती, ती मी कमी रंगवली, गावात तिला भिंतच मिळत नसे. शेटजी-भटजींचा पक्ष म्हणायचे. मग भाजपचे संघटक वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी असा ‘माधव’ जुळवला, आमच्याकडे तेली, कुणबी, पोवार त्या पंगतीत आले. हा बदल मी नागपूरच्या १९२० च्या जातीचा मानतो, बाकी मतभेद असोत. २०१४ ला विदर्भातल्या ६२ पैकी ४४ जागा कमळाच्या. पण १९९७ ला भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला होता, तो कुठं ठेवला हे आमच्यातल्या कोणाला आठवतं का? आणि २०२४ ला लोकसभेत विदर्भातल्या दहापैकी कमळाच्या दोन. त्याच निवडणुकीत आमच्या वर्ध्यात मशीनवर पंजाच नव्हता, तुतारी वाजवणारा माणूस होता. गांधीजींच्या जिल्ह्यात पंजा नाही! ते चिन्ह मला रंगवायला मिळालं नाही, याचं खरंच वाईट वाटतं. पागोटं, गाल फुगलेला, तुतारीचा बाक. गाय-वासरानंतर पेंटरसाठी तेवढं दांडगं चिन्ह आलं नव्हतं.

रंगवायला मिळालं नाही, कारण फ्लेक्स. माझा धंदा फ्लेक्सनं खाल्ला. त्याआधी १९९५ चा भिंती विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा आला, पण कायद्यापेक्षा मशीन मोठं निघालं. मुलानं तालुक्याला फ्लेक्सचं दुकान टाकलं, मी तिथं बसून मात्रा सुधारतो. तेव्हा बदलावं लागतं हे मला कोणी शिकवू नये.

पण फ्लेक्सनं पक्षाचं काय केलं ते सांगतो. भिंत रंगवायची तर भिंत मागावी लागे. घरमालकाच्या दारात जावं लागे. तो बसा म्हणे. चहा येई. मग तो सांगे, विजेचा डीपी जळून वीस दिवस झाले, बँकेनं फेरफार अडवला, कापसाच्या गाडीला काट्यावर मारलं. कार्यकर्त्याला भिंत पाहिजे असायची, म्हणून ऐकावं लागे, आणि ऐकलेलं वर सांगावं लागे. नाहीतर पुढच्या वेळी भिंत नाही. एका घरी तर मालक म्हणाला, मागच्या भिंतीचं उत्तर घेऊन या, मग नवी मागा. फ्लेक्सला हे काही लागत नाही. जिल्ह्यावरून रात्री टेम्पो येतो, दोन पोट्टे विजेच्या खांबाला बांधून जातात. सकाळी गाव उठतं तर नेते हात जोडून वर लटकलेले. कोणी कोणाला विचारलं नाही. सदस्यही तसेच. काही वर्षांमागे मिस्ड कॉलवर सदस्य करायची टूम निघाली, नातवानं माझ्या फोनवरून दिला. मी एका पक्षाचा सदस्य झालो हे मला मेसेजनं कळलं. कोणत्या, ते सांगत नाही. त्यांनाही माझं नाव माहीत नाही.

आणि वर तर पक्ष कोणाचा हे निवडणूक आयोग ठरवतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेचा निकाल आला, नाव आणि धनुष्यबाण आमदार-खासदारांचा आकडा पाहून दिला. पक्षाच्या घटनेत २०१८ ला केलेला बदल आपल्या नोंदीत नाही, असं आयोगानं म्हटलं. पक्षाची घटना बदलली होती की नाही यावर देशभर वाद, आणि गावातल्या शाखेवर बसणाऱ्या पोराला आपल्या पक्षाला घटना असते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी त्याला म्हटलं, वाच. तो म्हणाला, काका, कुठं मिळते?

लाइन आली वाटतं. जा बापा, जा, बूट घालून जा, धुऱ्यावर गवत वाढलं आहे.

जे बसले त्यांच्यासाठी एक सांगून थांबतो. गेल्या निवडणुकीत एक पोट्टा माझ्या घरी आला. पक्ष सांगत नाही, तुम्ही ओळखाल. हातात कागद, भिंतीसाठी घरमालकाची लेखी परवानगी लागते म्हणे. मी म्हटलं, फ्लेक्स का नाही? तो म्हणाला, आमच्याकडे पैसे नाहीत. बसला. घरच्यांनी चहा दिला. मी त्याला डीपीचं सांगितलं, बोंडअळीचं सांगितलं, चांगला तासभर. मुद्दामच लांबवलं, पहावं उठतो का. उठला नाही, खिशातून चिठ्ठी काढून त्यावर लिहीत बसला. मी सही केली. मग तो अडखळत म्हणाला, “काका, भिंत तर मिळाली, पण आमच्यातल्या कोणाले रंगवता येत नाही.”

म्हटलं, चुना आहे माझ्याकडे. येताना डिंक घेऊन ये.