मलावी सरोवर : पाण्यात उतरण्याआधी

(दृश्य : चेंबे गावचा किनारा, सकाळ)

बांबूच्या मांडवांवर बोटभर लांबीची चंदेरी मासळी वाळते आहे. ही उसिपा. रात्री दिव्यांच्या उजेडात धरलेली, उन्हं चढण्याआधी बायकांनी हातानं एकसारखी पसरलेली. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या दक्षिण भागातलं हे केप मॅक्लिअर. सरोवराची लांबी सुमारे ५८० किलोमीटर, इथून उत्तरेला पाणीच पाणी. खोली कुठे कुठे ७०० मीटर, पण साधारण अडीचशे मीटरखाली प्राणवायू नाही. मासे सगळे वरच्याच थरात.

(दृश्य : पाण्याखाली, खडक)

हे निळे-पिवळे म्बुना मासे. आपल्याकडे हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांत दिसतात, त्यांचं मूळ घर हे. खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. या मादीचा गळा फुगलाय, पाहा. तोंडात अंडी आहेत. पिल्लं सुटी होईपर्यंत तीनेक आठवडे ती जवळजवळ उपाशीच राहते.

काठालगत गोगलगायी खाणारे मासेही असत. जाळ्यांनी ते कमी केले, गोगलगायी वाढल्या, आणि त्यांच्या अंगातून सुटणाऱ्या, बिलहार्झिया हा रोग करणाऱ्या कृमींच्या अळ्याही. या अळ्या थेट कातडीतून शिरतात. लव्हाळं नाही, स्वच्छ वाळू आहे, म्हणून निर्धास्त होऊ नका. इथली एक गोगलगाय वाळूतच राहते.

म्हणून गावासमोरच्या उथळ पाण्यात डुंबणं टाळा, भर दुपारी तर नक्कीच. होडीनं थम्बी वेस्ट बेटाकडे जा आणि खडकांपाशी, खोल पाण्यात उतरा. धोका कमी होतो, संपत नाही. टॉवेलनं अंग खसखसून पुसलं तरी भरवसा नाही.

मे ते ऑगस्ट म्वेरा हा आग्नेयेचा वारा सुटतो आणि लाटा समुद्रासारख्या उठतात. तेव्हा लहान होडी नको. १९५१ पासूनची इलाला बोट लिकोमा बेटाला जाते, पण तिचं वेळापत्रक कोलमडतं. हाताशी दोन-तीन दिवस जादा ठेवा.

परतल्यावर या कृमींवरचं औषध, प्राझिक्वांटेल. नेहमीची मात्रा वजनाच्या किलोमागे ४० मिलीग्रॅम, पण डॉक्टरांना विचारूनच. घाई नको : औषध वाढ झालेल्या कृमींवर चालतं, कोवळ्यांवर नाही. शेवटचं पोहून किमान सहा-आठ आठवडे जाऊ द्या. लघवीतून रक्त गेलं, तर मात्र थांबू नका. आणि ‘मलावीत पोहून आलो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत १९५२ साली या रोगाचे रुग्ण नोंदले गेले होते. एरवी भारतात तो इतका विरळा, की सांगितल्याशिवाय कुणाच्या मनातही येणार नाही.