शेगडी कुत्र्याच्या अंगातच असते

नमस्कार श्रोतेहो.

थंडीच्या रात्री आपण पांघरूण कानावर ओढून घेतो आणि नेमकं तेव्हाच बाहेर एखादं कुत्रं केविलवाणं कुंईकुंई करायला लागतं. आपण कूस बदलतो. ‘त्याला काय होतंय, अंगभर केस तर आहेत,’ असं म्हणतो आणि झोपतो. त्या केसांचाच हिशेब आज तुमच्यासमोर मांडायचा आहे. कुत्र्याला रात्रीपुरतं घरात घेता येत असेल तर घ्या. त्याहून चांगला उपाय माझ्याकडे नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण कुणी राखणीचा असतो, कुणी सगळ्या गल्लीचा असतो, कुणाला घरात कोंडलेलं सोसत नाही. आजचं बोलणं त्यांच्यासाठी.

आपल्या अंगाचं तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस. कुत्र्याचं त्याहून जास्त, ३८.३ ते ३९.२ च्या आसपास. म्हणजे आपल्यापेक्षा जरा जास्त फुललेली शेगडी घेऊनच तो हिंडत असतो. पुष्कळ कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वर राठ केस आणि खाली दाट मऊ लव. या लवेत हवा अडकून बसते आणि तीच ऊब धरून ठेवते. पायांच्या तळव्यांची तर आणखी गंमत आहे. तळव्याकडे गरम रक्त नेणारी रोहिणी आणि तिथून गार रक्त परत आणणाऱ्या नीला अगदी एकमेकींना चिकटून असतात, असं २०११ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं. जाणारं रक्त येणाऱ्या रक्ताला वाटेतच ऊन करतं. म्हणून पाय गार जमिनीवर असले, तरी गारठलेलं रक्त तसंच पोटात शिरत नाही.

इतकी सोय जवळ असताना कुत्रा गारठतो, तो ही ऊब कुठून तरी गळते म्हणून. ती गळती बुजवली की आपलं निम्मं काम झालं. हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या मोतीसाठी पहिलं घर केलं ते मोठ्या हौसेनं. ऐसपैस, दार रुंद, आत जाड ब्लँकेट. मोतीनं आत जाऊन एकदा हुंगलं, बाहेर आला आणि दारातल्या पायपुसण्यावर मुटकुळं करून झोपला. मला राग आला. पण अक्कल त्याच्याकडे होती. एवढी मोठी पोकळी एकट्या कुत्र्याच्या अंगाच्या उबेनं तापणार कशी? त्याला उभं राहता यावं, वळता यावं, अंग दुमडून झोपता यावं, तेवढीच जागा हवी. दार मधोमध ठेवण्यापेक्षा एका कडेला ठेवलं की आतला दुसरा कोपरा वाऱ्याच्या झोतातून वाचतो. दाराचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून असावं, त्यावर जाड प्लास्टिकचा नाहीतर ताडपत्रीचा पडदा सोडावा, आणि पाणी साचू नये म्हणून छप्पर उतरतं असावं.

आता जमीन. थंडी वाऱ्यानं येते असं आपण धरून चालतो आणि खालून चाललेली चोरी विसरतो. झोपलेल्या कुत्र्याचं अर्धं अंग जमिनीला टेकलेलं असतं. वजनानं तिथले केस दबतात, त्यांतली हवा निघून जाते, म्हणजे ज्या बाजूला फरशी आहे त्याच बाजूचा कोट निकामी होतो. मग फरशी, सिमेंट, दगड रात्रभर त्याची ऊब पीत राहतात. म्हणून घराचा तळ विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर ठेवून चार बोटं तरी उचलून घ्या. गल्लीतल्या कुत्र्यासाठी घर बांधणं प्रत्येकाला जमत नाही, पण आडोशाला एक फळी टाकणं जमतं. पुठ्ठ्याचे चार-पाच थर एकावर एक ठेवले तरी फरक पडतो. फक्त ओला झालेला पुठ्ठा ताबडतोब बदलायचा.

अंथरुणाला ब्लँकेट नको म्हटलं की लोकांना आश्चर्य वाटतं. घरात, कोरड्या जागी, ब्लँकेट उत्तमच. बाहेर मात्र ते दंव पितं, ओल्या पायांचं पाणी पितं आणि दुसऱ्या रात्री गार फडकं होऊन बसतं. त्यापेक्षा पेंढा बरा. काड्या आतून पोकळ असतात, पाणी धरून ठेवत नाहीत, आणि कुत्र्याला त्यात हवा तसा खळगा करून नाक शेपटीखाली खुपसता येतं. वैरणीचं मऊ गवत दिसायला तसंच, पण ते ओल धरतं आणि बुरसतं. पेंढाही दबून चपटा झाला की काढून टाकावा, कारण ऊब काडीत नसून काड्यांमधल्या हवेत असते.

ओल हा या सगळ्यातला मोठा शत्रू आहे. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी सुमारे २५ पट सहज उष्णता वाहून नेतं. लव भिजली की अंगावरचा कोट असून नसल्यासारखा. म्हणून या दिवसांत आंघोळ टाळा, घालावीच लागली तर दुपारी घाला आणि पुसून पूर्ण कोरडं होईपर्यंत बाहेर सोडू नका. केस भादरू नका, गुंता झाला असेल तर विंचरा. गुंत्यात हवा राहत नाही. स्वेटर आखूड केसांच्या कुत्र्याला उपयोगी पडतो, पण फोटोसाठी घातलेला स्वेटर दंवानं भिजून रात्रभर अंगाला चिकटून राहिला, तर तो नसलेलाच बरा होता.

बल्ब आणि हीटरबद्दल मला नेहमी विचारतात. कुत्रा वायर चावतो, आणि पेंढ्याला आग लागायला वेळ लागत नाही. बंद जागेत निखारे ठेवू नका, त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. शेकोटी विझली असं समजून आपण निघून जातो आणि कुत्रं त्या उबदार राखेत जाऊन झोपतं. खालचा फुफाटा धगधगतच असतो. आगीतून फुफाट्यात ही म्हण त्याच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरते. जाताना राखेवर पाणी ओता.

शेगडीला सरपण लागतं, तसं बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला थंडीत नेहमीपेक्षा जास्त खाणं लागतं. किती, ते हाताला विचारा. दाट केसांत हाडं दिसत नाहीत, बरगड्या चाचपूनच कळतात. पाणी दिवसातून दोन-तीनदा बदला. जिथं पाणी गोठतं तिथं धातूचं भांडं नको, ओली जीभ चिकटते.

सगळ्यांची सोसण्याची ताकद सारखी नसते. हस्की ज्या थंडीत मजेत लोळेल, तिथं ग्रेहाउंड किंवा डॉबरमन कापत उभा राहील. म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे सकाळी धरतात. नुकत्या जन्मलेल्या पिलांना तर पहिले काही दिवस नीट कुडकुडताही येत नाही. आई उठून गेली की त्यांना एकमेकांचीच काय ती ऊब, म्हणून खोकं लहान आणि कोरडं हवं.

कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं वाटलं, असं समजू नका. कुत्रा आधी कापत होता आणि आता गप्प, जड, अडखळत चालतोय, तर शेगडी विझत चालली आहे. त्याला आत घ्या, कोरडं करा, पांघरुणात गुंडाळा, गरम पाण्याची पिशवी फडक्यात बांधून पोटाशी ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. कानाची टोकं, शेपटी, बोटं पांढरी किंवा निळसर पडली असतील, तर ती चोळू नका, आतली कातडी फाटते. कोमट कापड नुसतं टेकवा. गाडीखाली ऊब शोधणाऱ्यांसाठी सकाळी निघण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, आणि गाडीत घालायचं अँटिफ्रीझ सांडलं तर लगेच पुसा. ते गोड लागतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं.

एक करून बघा. उद्या पहाटे कुत्रा बाहेर पडला, की तो झोपला होता तिथं हात घाला. पेंढा कोरडा आणि कोमट लागला तर काही करू नका. गार किंवा दमट लागला, तर त्याच दिवशी तो बदला आणि संध्याकाळ व्हायच्या आत खालची फळीही उलटून बघा.

नमस्कार.