‘चार्ज’ लागतो कधी?

इंग्रजी दैनिकात क्राइम बीट सांभाळायला निघालेल्या मराठी मुलांना मी आधी एकच शब्द जपून वापरायला सांगतो, तो म्हणजे ‘चार्ज्ड’. पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला रे झाला, की आपण लिहून मोकळे होतो, ‘चार्ज्ड विथ चीटिंग’. अहो, एफआयआर ही नुसती खबर आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की पोलिसांना ती नोंदवावी लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ खाली होई, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली होतं. या टप्प्याला आपल्या इंग्रजीत ‘बुक्ड’ म्हणतात. अमेरिकेत ‘बुक्ड’ म्हटलं, की माणूस धरून आणला, बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला. आपल्याकडचा ‘बुक्ड’ माणूस घरी आरामात चहा पीत बसलेला असू शकतो! तरीही शब्द वापरा. इथल्या वाचकाला तो बरोबर कळतो.

पुढे येतं चार्जशीट. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत ते दाखल व्हावं लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून शेवटच्या दिवसांत धावपळ असते आणि गठ्ठेच्या गठ्ठे कोर्टात येतात. ती हजारो पानं बघून नवा बातमीदार दबून जातो. पण नावात ‘चार्ज’ असला तरी ते सगळं पोलिसांचं म्हणणं असतं. न्यायाधीश कागद बघतात, दोन्ही बाजू ऐकतात, आरोप निश्चित करतात, आरोपीला वाचून दाखवतात आणि विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ खरा ‘चार्ज’ तो. कित्येकदा त्याला वर्षं लागतात. त्याआधीच सुटला तो ‘डिस्चार्ज्ड’, खटला चालून सुटला तो ‘ॲक्विटेड’. आपण दोघांनाही ‘निर्दोष’ छापतो. पहिल्याचा खटला चाललेलाच नसतो, हे वाचकाला कळत नाही.

‘इम्प्लिकेट’ तर फारच निसरडा. जामीन अर्जात ‘फॉल्सली इम्प्लिकेटेड’ हे ठरलेलं वाक्य, म्हणजे अशिलाला खोटं गोवलंय. पण सहआरोपीच्या जबाबात कुणाचं नाव आलं तरी इंग्रजीत ‘इम्प्लिकेटेड’च म्हणतात. तिथे तुम्ही मराठीत ‘गोवलं’ लिहिलंत, तर तुम्ही पोलिसांना खोटं ठरवलंत. ‘नाव आलं’ लिहा. आणि ते नाव कुठून आलं, तेही लिहा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता साक्ष अधिनियमाचं २३. सूत्रांनी दिलेल्या ‘कबुली’वर मथळे उभे करणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

परदेशच्या बातम्यांतही हीच गफलत होते. ट्रम्प २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ‘इम्पीच’ झाले, तेव्हा आपल्याकडे कित्येकांना वाटलं की गेली खुर्ची. तिथे प्रतिनिधीगृह आरोप ठेवतं, निवाडा सिनेट करतं, आणि सिनेटने दोन्ही वेळा त्यांना सोडलं. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज, तोही ब्रिटिश संसदेत इम्पीच झाला होता. १७८८ ते १७९५ खटला चालला आणि शेवटी तो सुटला.

‘अलेज्डली’ म्हणजे ‘कथितरीत्या’, त्याबद्दल थोडक्यात सांगतो. दर ओळीत तो शिंपडून अब्रुनुकसानीचा दावा टळत नाही. कोण म्हणतं ते लिहा : फिर्यादी, तपास अधिकारी की सरकारी वकील.

राहिली शब्दयोगी भानगड. ‘ॲक्यूज्ड ऑफ’, ‘चार्ज्ड विथ’, ‘इम्प्लिकेटेड इन’, ‘कन्व्हिक्टेड ऑफ’. आपण सगळीकडे ‘फॉर’ ठोकतो. यात तर्क शोधू नका, सरळ पाठ करा. आता प्रश्न घेऊ.