शिका आणि कमवा: टीकापूर ते नेगेव्ह

कर्णाली नदी डोंगर सोडून तराईच्या सपाटीवर उतरते, तेथून जवळच, नेपाळच्या कैलाली जिल्ह्यात टीकापूर हे गाव आहे. पडद्यावर समोर दिसणारे आवार सुदूरपश्चिम विद्यापीठाच्या कृषी विद्याशाखेचे. २०१० साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय महेंद्रनगरला, उत्तराखंडातील बनबसाच्या पलीकडे आहे, आणि या सीमेवरून रोज भारतात उतरणारी माणसे पाहिली की या भागाचे अर्थकारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. येथील कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या भारतातील कमाईवर उभी राहिली आहेत. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत रात्रपाळी करणारा वॉचमन किंवा हॉटेलच्या भटारखान्यात राबणारा आचारी याच भागातील डोटीचा, अछामचा किंवा बझांगचा असणे यात नवल काहीच नाही. कृषी पदवीकडे येथे त्या वाटेला पर्याय म्हणून पाहिले जाते.

हा अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा असतो. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या विद्यापीठांतील मुले शेवटच्या वर्षी ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, खेड्यात मुक्काम करतात आणि स्थानिक दैनिकांत कृषिदूत व कृषिकन्या म्हणून त्यांची छायाचित्रे छापून येतात. टीकापूरच्या मुलांपुढे त्याच वयात आणखी एक वाट होती, आणि ती इस्रायलला जात होती.

नेपाळ व इस्रायल यांचे राजनैतिक संबंध १९६० पासूनचे आहेत, आणि दक्षिण आशियात असे संबंध जोडण्यात नेपाळ अग्रेसर होता. ‘शिका आणि कमवा’ या योजनेखाली कृषी शाखेचे विद्यार्थी सुमारे अकरा महिन्यांसाठी तेथे पाठवले जात असत. आठवड्यातील पाच दिवस शेतावर काम आणि एक दिवस वर्ग, अशी तिची साधारण घडण होती. कामाचा मोबदला इस्रायलच्या किमान वेतनाच्या हिशेबाने मिळे, आणि शिक्षणशुल्क त्याच कमाईतून द्यावे लागे. २०२३ मध्ये हे किमान वेतन महिन्याला ५,५७१ शेकेल, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वा लाख भारतीय रुपयांच्या आसपास होते. निवड होऊन नाव लागले की तिकिटाची आणि कागदपत्रांची जमवाजमव सुरू होई, आणि घरात कर्जफेडीचा हिशेब विमान उडण्याआधीच मांडला जाई.

आता पडद्यावर दिसतो आहे तो इस्रायलच्या दक्षिणेकडील, नेगेव्ह वाळवंटाच्या कडेचा आरावाचा प्रदेश. येथील सापीर या वस्तीत परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९९४ पासून एक आंतरराष्ट्रीय कृषी प्रशिक्षण केंद्र चालते, आणि नेपाळखेरीज थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया, इथिओपिया अशा अनेक देशांतील मुले तेथे येत आली आहेत. वर्षाकाठी पन्नास मिलिमीटरही पाऊस पडत नाही अशा या जमिनीत ढोबळी मिरची, खरबूज आणि खजूर पिकतात, आणि त्यातील बराच माल निर्यात होतो. शेडनेटच्या आत शिरले की प्रत्येक ओळीलगत काळी लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, पसरलेली दिसते. कॅमेरा जेथे थांबला आहे, तेथे ड्रिपरच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा थर धरलेला आहे, कारण येथील भूजल मचूळ आहे. आपल्याकडे ज्यांनी द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या नळ्या साफ करण्यासाठी ॲसिड ट्रीटमेंट केली आहे, त्यांना हा थर पाहताच पुढचे काम कळेल. ठिबकचा व्यापारी उद्योग १९६५ मध्ये याच देशातील हात्झेरीम या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वस्तीत, सिमखा ब्लास यांच्या संशोधनातून उभा राहिला, आणि महाराष्ट्रात जळगावने ते तंत्र शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत आणले. फिल्टर कधी धुवायचा, विद्राव्य खत कोणत्या वेळी आणि किती सोडायचे, पाण्याचा सामू (पीएच) किती ठेवायचा, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि वर्षभर हाताने करणे वेगळे. तेव्हा या योजनेत शिकण्यासारखे काहीच नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही हे चित्र जरा अधिक वेळ पाहावे. मिरची देठासह खुडायची, रंगाप्रमाणे निवडायची, क्रेटमध्ये भरायची आणि क्रेट ट्रॉलीवर चढवायचे, हे काम पहिल्या आठवड्यात शिकून होते. दहाव्या महिन्यातही जो तेच करतो, त्याला विद्यार्थी का म्हणायचे? ‘काव लाओवेद’ या इस्रायलमधील कामगार हक्क संघटनेने अशा प्रशिक्षण योजनांवर नेमके हेच आक्षेप घेतलेले आहेत. इस्रायली शेतीला माणसे हवी आहेत, आणि त्यामागे राजकारण आहे. १९९० च्या दशकात पॅलेस्टिनी मजुरांवर निर्बंध वाढू लागले तसे शेतावर थायलंडचे मजूर येऊ लागले, आणि २०२३ पर्यंत त्यांची संख्या तीस हजारांच्या घरात गेली. संघर्षाने रिकामी केलेली जागा दूर देशांतील माणसांनी भरायची, ही तेथील शेतीची रीत झाली, आणि विद्यार्थी हे त्या भरतीचेच एक अंग होते. शिवाय गाझाला लागून असलेल्या पट्ट्यात शेते मोठी आहेत. गाजर, बटाटा, लिंबूवर्गीय फळे आणि कोंबडीपालन यांना तेथे माणसे सतत लागतात.

त्या पट्ट्यात, गाझाच्या सीमेपासून तीन-चार किलोमीटरवर, आलुमीम हा किबुत्झ आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये टीकापूरचे सतरा विद्यार्थी येथे कामाला लागले. त्या सुमारास या योजनेखाली नेपाळच्या तीन विद्यापीठांचे २६५ विद्यार्थी इस्रायलमध्ये होते.

७ ऑक्टोबरला, शनिवारी सणाच्या सुट्टीच्या सकाळी, हमासच्या हल्ल्यात आलुमीममधील या सतरांपैकी दहा जण मारले गेले, चौघे जखमी झाले, दोघे सुखरूप राहिले आणि बिपीन जोशी या विद्यार्थ्याला गाझात ओढून नेण्यात आले. आसरा घेतलेल्या खोलीत आलेला एक हातबॉम्ब त्याने उचलून बाहेर फेकला होता, असे वाचलेल्या सोबत्यांनी सांगितले. थायलंडचे मजूरही येथे मारले गेले. आठवडाभरात नेपाळने विमान पाठवून अडीचशेहून अधिक नागरिक परत आणले. बिपीनचा मृतदेह १३ ऑक्टोबर २०२५ रोजी इस्रायलच्या ताब्यात आला आणि काठमांडूत शासकीय इतमामात स्वीकारण्यात आला.

(येथे निवेदन नाही. टीकापूरचे आवार, मूळ आवाजासह.)

कागदांची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती या मुलांच्या आधीपासूनची आहे आणि बातम्यांत ती फारशी आली नाही. नेपाळमधून परदेशी कामाला जाणाऱ्याला श्रम स्वीकृती, म्हणजे सरकारी परवाना, घ्यावी लागते. ती घेताना तो वैदेशिक रोजगाराच्या कल्याणकारी निधीत पैसे भरतो, त्याचा विमा उतरतो, आणि परदेशात मृत्यू आला तर कुटुंबाला त्या निधीतून भरपाई मिळते. शिक्षणासाठी जाणाऱ्याला शिक्षण मंत्रालयाचे ना-हरकत पत्र लागते, आणि त्याच्यापुरती निधीची ही सारी चौकट दाराबाहेर राहते. वृद्धांची शुश्रूषा करण्यासाठी इस्रायलला जाणाऱ्या नेपाळी माणसांबाबत दोन्ही सरकारांनी २०२० मध्ये श्रम करार केला. शेतावर आठवड्याचे पाच दिवस राबणारी ही मुले विद्यार्थी व्हिसावर असल्याने त्या करारात कोठेच बसत नव्हती. काम करताना ती मजूर होती आणि सरकारी नोंदीत विद्यार्थी. दोन्ही बाजूंना ते सोयीचे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. भारत आणि इस्रायल यांनी मे २०२३ मध्ये ४२,००० कामगारांबाबत करार केला, आणि ऑक्टोबरनंतर पॅलेस्टिनी बांधकाम मजुरांना प्रवेश बंद झाल्यावर भरतीला वेग आला. उत्तर प्रदेश आणि हरियाणानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या औंध आयटीआयमध्ये सुतारकाम, फरशीकाम, गिलावा आणि लोखंड वाकवण्याच्या चाचण्या झाल्या. युद्ध चालू असलेल्या देशात माणसे पाठवावीत का, यावर वाद आहे आणि तो असायलाच हवा. परंतु तेथे रांगेत उभ्या असलेल्या गवंड्याला आपण कामगार म्हणून चाललो आहोत, एवढे तरी ठाऊक होते.

टीकापूरच्या मुलांसाठी आमची मागणी मोजकी आहे. अशी योजना कोणत्याही देशाशी पुन्हा आखली जाईल, तेव्हा पाच दिवस काम करणाऱ्याला विद्यापीठाच्या नोंदीबरोबर श्रम स्वीकृतीही मिळावी, विमा दोन्ही देशांत लागू असावा, आणि ज्या शेतावर त्याला पाठवायचे ते संघर्षाच्या सीमेपासून किती अंतरावर आहे व तेथे निवाऱ्याची सोय काय आहे, हे त्याच्या व त्याच्या पालकांच्या हाती नेपाळी भाषेत, लेखी आणि तिकीट काढण्यापूर्वी द्यावे.